‘हेमाद्रौ भविष्ये’: ऋण मान्य करण्याची रीत

काशीत इ. स. १६१२ मध्ये लिहून झालेला कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आजच्या विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या साम्य तपासणाऱ्या संगणक-प्रणालीतून काढला, तर त्याची पानेच्या पाने इतरत्र आढळणारा मजकूर म्हणून रंगून निघतील. तरीही तो ग्रंथ चोरीचा ठरत नाही, आणि तो का ठरत नाही हे उमगले की वाङ्मयचौर्य कशाला म्हणावे हेही उमगते. दुसऱ्याचे शब्द, विचार किंवा मांडणी त्याचे नाव न सांगता स्वतःची म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. म्हणजेच दोष घेण्यात नसून लपवण्यात आहे. मूळच्या पैठणच्या आणि सोळाव्या शतकात काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकर हे शिवराज्याभिषेकाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या गागाभट्टांचे चुलते. तिथी, व्रते, संस्कार यांविषयीची पूर्वसूरींची वचने एकत्र करून त्यांच्यातील विरोधाचा निवाडा करणारा ‘निबंध’ हा त्यांचा ग्रंथप्रकार, त्यामुळे उसनवारी हाच त्याचा पाया होता.

ही उसनवारी कशी नोंदवली जाई, हे ‘हेमाद्रौ भविष्ये’ या धर्तीच्या निर्देशांवरून दिसते. पुढील वचन भविष्यपुराणातील असले, तरी ते देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या तेराव्या शतकातील ‘चतुर्वर्गचिंतामणी’त आले आहे, असा त्या दोन शब्दांचा अर्थ, म्हणजे वचन मुळात कोणाचे आणि ते कोणाच्या हातून आले, ही दोन्ही ऋणे तेथे एकदमच मान्य होतात. आज यालाच दुय्यम संदर्भ म्हणतात आणि प्रबंधांत तो सहज दडवता येतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातून एखादे वचन उतरवून घेणारा विद्यार्थी तळटीपेत केवळ निर्णयसिंधूचे नाव देतो, तेव्हा न उघडलेला ग्रंथ वाचल्याचा आव तो आणतो आणि काण्यांचे श्रम स्वतःच्या खात्यावर जमा करतो. ‘काणे यांच्या ग्रंथात उद्धृत’ एवढी जोड दिली, की हा दोष उरत नाही.

शब्द बदलले की ऋण फिटले, हा दुसरा गैरसमज. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला, तेव्हा मूळ वचने बहुतेक गाळून त्यांनी आशय सोप्या शब्दांत मांडला. पण क्रम निर्णयसिंधूचा असल्याचे आणि आधीचे निबंध पाहूनच हे लेखन केल्याचे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. परशब्दांकन, म्हणजे दुसऱ्याचा आशय आपल्या शब्दांत सांगणे, प्रामाणिक ठरते ते अशा कबुलीमुळे. वाक्याची सांगड तीच ठेवून ‘कारण’च्या जागी ‘हेतू’ घालणे हे परशब्दांकन नव्हे आणि त्याखाली संदर्भ नसला तर ती निव्वळ उचलेगिरी होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याविषयीचे विनियम लागू केले आणि देशातील इतर उच्चशिक्षण संस्थांप्रमाणे कमलाकरभट्टांच्याच काशीत १९१६ मध्ये स्थापन झालेले बनारस हिंदू विद्यापीठही त्यांच्या कक्षेत येते. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास विद्यार्थ्याला सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठ टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि साठच्या पुढे गेल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. मात्र श्रेय देऊन रीतसर उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वपरिचित माहिती या मोजणीतून वगळली जाते. कमलाकरभट्टांचा ग्रंथ आजच्या नियमांतही निर्दोष ठरेल, तो या सवलतीच्या बळावर.

टक्केवारी हा पुरावा नव्हे, ती केवळ तपासाची सुरुवात होय. कारण प्रणाली शब्द जुळवते, हेतू जोखत नाही. हिंदी किंवा इंग्रजी लेखाचे निमूटपणे केलेले मराठी भाषांतर तिच्या नजरेतून सहसा निसटते, पण त्यामुळे ते लेखकाचे स्वतःचे होत नाही. स्वतःचाच पूर्वी छापलेला मजकूर न सांगता पुन्हा नवे संशोधन म्हणून देणे, म्हणजे स्व-चौर्य, हेही आयोगाने २०२० मध्ये अमान्य ठरवले.

हेतुपुरस्सर चोरी करणारे असतात, तसेच केवळ गबाळ्या टिपणांमुळे अडकणारेही असतात. वाचताना उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत नसेल आणि त्याच्यापुढे ग्रंथाचे नाव व पृष्ठक्रमांक नसेल, तर दोन-तीन वर्षांनी प्रकरण लिहायला बसल्यावर वहीतील परके वाक्य आणि स्वतःचे वाक्य यांत फरक उरत नाही. म्हणून उतारा, त्याचा सारांश आणि त्यावरचे स्वतःचे मत या तिन्हींना टिपणाच्या कागदावर वेगवेगळी जागा देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय. प्रबंधाचा प्रामाणिकपणा प्रणालीच्या अहवालात नव्हे, तर त्या कागदावरच ठरतो.