म्हाताऱ्या फियाटचा पाचवा गिअर

जुनी मोटार बाळगणाऱ्याकडे शेजारीपाजारी दोन प्रकारे पाहतात. गाडी चालत असली तर कौतुकाने, आणि बंद पडली तर अधिकच कौतुकाने! आमच्या अंबाजोगाईच्या घरासमोर १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट उभी असते, त्यामुळे हे दोन्ही प्रकार आम्हांला चांगले परिचयाचे आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यातून ही बाहेर पडली. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९७८ साली जुनीच घेतली आणि आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तेच ती चालवतात.

या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो. पायाशी अडथळा नाही, म्हणून पुढच्या सलग बाकावर तिघे बसतात. अण्णा, आई आणि मध्ये आमची कन्या, हा वर्षानुवर्षांचा क्रम. गिअर चार. त्यांतल्या पहिल्याला सिंक्रोमेशची सोय नाही. गाडी पुरती उभी राहण्याआधी तो घालू गेल्यास आतून दातओठ खाल्ल्यासारखा आवाज येतो.

हे सारे अंगवळणी पडले होते. पण गेल्या वर्षी दुसरा गिअर आपोआप सुटू लागला. सपाटीवर ही नुसती कटकट आहे. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला जाताना मात्र तो जिवावरचा खेळ होतो. उतारावर गिअर गाडीला आवरून धरतो. तो सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेकही गाडीच्याच वयाचे!

आमच्या मिस्त्रींनी पेटी उघडली. दाते झिजलेले, बेअरिंगे सैल. “सामान कुठून आणू?” त्यांनी विचारले. हा प्रश्न आज केवळ आमचा नाही. कारखाना थांबून वीसहून अधिक वर्षे झाली, तरी या गाड्या तगल्या त्या मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सी होत्या तोवर त्यांचे सुटे भाग करणारे, विकणारे आणि मोडीतून शोधून देणारेही होते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत तिच्यावर हळवे लेख आले; आमच्यासारख्यांच्या घरी मात्र सुटे भाग मिळण्याची चिंता आली.

“नवी पाच गिअरांची पेटी बसवू,” मिस्त्री म्हणाले. ऐकायला सोपे वाटते. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्यांची पेटी इंजिनाशेजारी आडवी असते. फियाटला जोर मागच्या चाकांकडे नेणारी, उभी पेटी लागते. ती मिळाली तरी जुन्या इंजिनाशी तिची भोके जुळत नाहीत. मध्ये लेथवर केलेली जाड जोडपट्टी घालावी लागते, आणि ती केसभर सरकली तरी बेअरिंग लवकर जाते. क्लचची तबकडी नव्या दांड्याच्या खाचांना जुळणारी हवी. मागे जाणारा लांब शाफ्ट कापून, पुन्हा जोडून, तोलून घ्यावा लागतो; नाहीतर वेग धरताच गाडी थरथरते. एवढे करून घोडे तेवढेच! १०८९ सी.सी.चे इंजिन तेच राहते. पाचव्या गिअरने सपाट रस्त्यावर त्याची धाप कमी होते इतकेच. घाट चढायला पुन्हा दुसराच.

असा बदल नवलाचा नाही. प्रीमियरनेच १९८५ साली आणलेल्या ११८ एनई गाडीत निसानचे इंजिन होते, आणि पद्मिनीच्या अखेरच्या वर्षांत कंपनीने तिचा दांडाही जमिनीवर आणला. अँबॅसडरला १९९२-९३ च्या सुमारास इसुझुचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले. कारखान्याने केले ती सुधारणा आणि मिस्त्रींनी केला तो भ्रष्टाकार, असे मला म्हणवत नाही.

अडचण वेगळीच निघाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. या यादीत गिअरपेटीचे नाव नाही. पण आमच्या फियाटला वेगळी चौकट नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. नव्या दांड्यासाठी जमिनीचा पत्रा कापणे म्हणजे बॉडीलाच हात लावणे.

रात्री जेवताना मी ही बाजू मांडली. अण्णा शांतपणे म्हणाले, “मला ती मिरवायची नाही, चालवायची आहे.”

आई म्हणाली, “चालवा. पण मध्ये बसणारीने कुठे बसायचे?”

याला उत्तर नव्हते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधने घालते, म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतले आणि मग काम सुरू केले. मोडीत निघालेल्या एका गाडीची पेटी मिळाली. तळहाताएवढे भोक पडले. तीन आठवडे अण्णा रोज सकाळी गॅरेजात खुर्ची टाकून बसत होते.

आता दुसरा गिअर सुटत नाही. अण्णांचा डावा हात अजून कधीकधी स्टिअरिंगखाली दांडा शोधतो. कन्या मागे बसते आणि आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकवते. जे गेले ते गेले.

मी मराठी शिकवतो. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ‘रस्ता’, ‘कारागीर’, ‘दुरुस्ती’ हे शब्द फारसीतून आले. त्यांच्यावाचून हा लेखही लिहिता आला नसता, आणि भाषा मराठीच राहिली. वापरात असलेली वस्तू बदलणारच. आपण एवढेच करावे, की काय बदलले ते लिहून ठेवावे आणि जुने फेकू नये. आमची मूळ पेटी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. सोबत कापलेला पत्र्याचा तुकडा आणि तारखेची चिठ्ठी. उद्या कन्येला वाटले, तर तिने ती पुन्हा बसवावी.