पित्त उठले, पण कोणते?

अंगाला खाज सुटून लालसर गांधी उठल्या, की घरात कोणीतरी म्हणते, "पित्त उठले!" मग आमसुलाचे पाणी लावले जाते. गंमत अशी, की या गांधींचा यकृतातील पित्ताशी संबंध नसतो. त्या त्वचेतील हिस्टामिन या द्रव्यामुळे उठतात. उलट, पित्तातील आम्ले खरोखरच रक्तात वाढली, तर खाज सुटते; पण गांधी उठत नाहीत!

ही पित्ताम्ले करतात तरी काय? पेलाभर पाण्यात तेलाचे चार थेंब टाकून ढवळा. तेल पुन्हा वर येते. आता थोडे साबणाचे पाणी घालून ढवळा. तेलाचे बारीक कण होऊन ते पाण्यात पसरतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. पित्ताम्लाच्या रेणूलाही अशा दोन बाजू असतात. यकृत ही आम्ले कोलेस्टेरॉलपासून बनवते. आतड्यात स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करण्यास मदत केल्यावर त्यांपैकी सुमारे 95 टक्के रक्तावाटे यकृताकडे परततात आणि यकृत ती टिपून घेते. म्हणून उपाशीपोटी रक्तात त्यांचे प्रमाण साधारणतः लिटरला 10 मायक्रोमोलपेक्षा कमी असते. पित्ताचा निचरा मंदावला, की ती रक्तात साचू लागतात.

काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत असे होते. तळहात व तळपाय खाजतात, रात्री अधिक. पुरळ मात्र नसते. "पोटाची कातडी ताणली, की खाज यायचीच," म्हणून ही तक्रार उडवून लावली जाते. परंतु 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले, की हे प्रमाण 100 मायक्रोमोल वा अधिक झाल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. बहुतेक स्त्रियांचे प्रमाण इतके चढत नाही. पण ते किती आहे, हे रक्ततपासणीवाचून कळणार कसे?

तेव्हा घरातील ताई किंवा वहिनी अशी तक्रार करू लागली, तर आमसुलावर थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे जाऊन पित्ताम्लांची व यकृताची तपासणी करण्याविषयी विचारायला सांगा. प्रमाण पुढे वाढू शकते, म्हणून तपासणी पुन्हाही करावी लागते. प्रसूती केव्हा करावी, हे ठरवताना डॉक्टरांना हा आकडा उपयोगी पडतो. प्रसूतीनंतर खाज बहुधा लवकरच थांबते.