गिरगावातलं दुपारचं खाणं : मिसळ, थालीपीठ आणि पियूष

गिरगावच्या मराठी उपाहारगृहांमध्ये दुपारचं जेवण झटपट आणि खिशाला परवडेल असं होतं. ठाकूरद्वारला फणसवाडीच्या नाक्यावरचं ‘विनय हेल्थ होम’ हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण. चर्नी रोड स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं.

अशा ठिकाणी पहिला मान मिसळीचा. खोलगट बशीत तळाला मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि बटाट्याची भाजी, त्यावर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. वरून गरम रस्सा घातला की फरसाण भिजू लागतं, म्हणून मिसळ लगेच खाण्यातच खरी मजा. मुंबईची मिसळ कोल्हापुरीपेक्षा सौम्य असते. ज्यांना तिखट सोसत नाही, त्यांच्यासाठी दहीमिसळ उत्तम.

थालीपीठ भाजणीचं असतं. धान्यं आणि डाळी धणे-जिऱ्यांसोबत भाजून दळल्यामुळे त्याला खमंगपणा येतो. मधल्या भोकांत तेल सोडून ते तव्यावर खरपूस भाजतात आणि लोण्याबरोबर वाढतात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा वडा, खिचडी आणि फराळी मिसळ यांना मागणी असते. फराळी मिसळीत शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा चिवडा एकत्र येतात.

शेवटी पियूष. श्रीखंड ताकात घुसळून, वेलची-जायफळ घालून केलेलं हे थंडगार पेय मिसळीचा तिखटपणा छान शमवतं. मिसळपाव आणि पियूष एवढ्यात एका माणसाचं पोट सहज भरतं.