आधी प्लग, मग बॅटरी, शेवटी गाडी

जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब पार्किंगपासून सुरू होतो. गाडी रात्री जिथे उभी राहणार, तिथे चांगल्या अर्थिंगचा 15 अँपिअरचा पॉइंट असेल, तर लहान कुटुंबाचे बहुतेक काम भागते. टियागो ईव्हीची 24 युनिटांची बॅटरी अशा साध्या सॉकेटवर रात्रभरात, आठ-नऊ तासांत भरते. (बॅटरीच्या माहितीत लिहिलेला किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलातले युनिटच.) पॉइंट नसेल तर सोसायटीची परवानगी, केबल आणि वायरमन यांचा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरावा लागतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्या आणि केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर राहणाऱ्या कुटुंबाने इलेक्ट्रिक गाडी सध्या न घेतलेली बरी. बचत कमी होते आणि आठवड्यातून दोनदा तासभर चार्जरपाशी थांबणे नशिबी येते.

वीजबिलाचेही गणित आधी मांडायला हवे. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी छोटी गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण दीडशे-एकशे साठ युनिटे घेते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. म्हणजे दोनशे युनिटांत भागणारे घर गाडीमुळे वरच्या, बऱ्याच महाग टप्प्यात जाते. वाहन चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेता येतो आणि त्याला वेगळा दर लागतो. रोजचा वापर जास्त असेल तर ही चौकशी व्यवहाराआधी करणे फायद्याचे ठरते.

मग येते बॅटरी. गाडीतला सर्वांत महाग भाग हाच, आणि कागदावरचा पल्ला इथेच सर्वाधिक फसवतो. 24 युनिटांच्या टियागोचा जाहीर पल्ला 315 किलोमीटर होता; शहरात एसी लावून, चार माणसे बसवून 180 ते 200 हाती लागतात. बॅटरीची क्षमता 15 टक्के घटली असेल तर हाच आकडा 160 च्या आसपास येतो. घर, शाळा, ऑफिस आणि भाजीबाजार यांना तेवढे पुष्कळ झाले. पुण्याहून साताऱ्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचे, तर मात्र वाटेत एकदा चार्जिंग आले. खंबाटकी चढताना टक्के भराभर उतरतात. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून काही वीज परत देते, पण चढाला गेलेली सगळी भरून येत नाही.

बॅटरी किती उरली आहे, हे किलोमीटरच्या काट्यावरून कळत नाही. 60 हजार किलोमीटर घरच्या सॉकेटवर हळूहळू भरत चाललेली गाडी, 30 हजार चालून उन्हात महिनोन्‌महिने पूर्ण चार्ज उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा सुस्थितीत असू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल घेणे हा सरळ मार्ग. विकणारा त्याला नको म्हणत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

याच्या जोडीला एक घरगुती चाचणी होते आणि ती करायला मेकॅनिक लागत नाही. गाडी 40 टक्क्यांवर आणायची, युनिटे मोजणारा छोटा मीटर सॉकेटला लावायचा आणि 90 टक्के होईपर्यंत चार्ज करायची. 24 युनिटांच्या निरोगी बॅटरीत या 50 टक्क्यांसाठी सुमारे 12 युनिटे जातात. वाटेतली गळती मिळवून मीटरवर साडेतेराच्या आसपास दिसायला हवीत. मीटर साडेदहावरच थांबला, तर बॅटरीचा जवळपास पाचवा हिस्सा गेला असावा. गाडी टक्के अंदाजाने दाखवते, म्हणून हा आकडा ढोबळच. पण अहवालाशी ताडून पाहायला तो पुरतो. चालवून पाहतानाही एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. 20 टक्क्यांवरून काटा एकदम 10 वर घसरला तर सेलच्या एखाद्या गटात दोष असण्याची शक्यता मोठी.

असा दोष वॉरंटीत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. टाटाच्या नेक्सॉन, टिगोर आणि टियागो या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत वॉरंटी दिलेली होती. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉनना म्हणजे 2028 पर्यंत. 2023 साली घेतलेल्या टियागोला 2031 पर्यंत. वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, कितव्या टक्क्याखाली बॅटरी बदलून मिळते आणि कोणती सर्व्हिस चुकवल्यास हक्क जातो, हे पुस्तिकेत वाचून मगच बोलणी करावीत. वॉरंटीत बॅटरी बदललेली गाडी मिळाली तर ती टाळू नये. उलट तिलाच पसंती द्यावी.

कमी बजेटमध्ये निवड तशी मोजकीच आहे. टियागो शहरात सोयीची, पण डिकी 240 लिटरची. 26 युनिटांच्या टिगोरला 316 लिटरची डिकी आहे आणि आजी-आजोबांसह गावी जाणाऱ्यांना ती जास्त उपयोगी पडते. 30.2 युनिटांची जुनी नेक्सॉन प्रशस्त आणि खराब रस्त्यावर निर्धास्त. एमजी कॉमेट 17.3 युनिटांची, गल्लीबोळांत उत्तम. मागची सीट वापरात असली की सामानाला जागा मात्र उरत नाही, त्यामुळे घरातली एकुलती गाडी म्हणून ती अपुरी पडते. महिंद्राच्या ई-टू-ओसारख्या बंद झालेल्या गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी बॅटरी आणि सुटे भाग यांपायी महागात पडतात.

टिगोरसारखीच दिसणारी एक्सप्रेस-टी मात्र टॅक्सीसाठी काढलेली होती, 16.5 आणि 21.5 युनिटांच्या छोट्या बॅटरीची. टॅक्सी ओळखण्याची सोपी खूण नंबर प्लेटवर असते: खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी, भाड्याच्या गाडीवर पिवळी. खासगीत बदलून घेतलेल्या गाडीची पाटी पांढऱ्या अक्षरांची होते, म्हणून आरसीवरचा इतिहासही पाहावा.

गाडी रॅम्पवर चढवून पोट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरी तळाशी असते आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर तिला सोडत नाहीत. आवरणावर खोल चेपलेला भाग दिसला तर तो रंगाच्या ओरखड्यासारखा किरकोळ समजू नये. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. मोटर बरेचसे ब्रेकिंग करत असल्याने डिस्क कमी घासतात आणि गंजतात. टायर मात्र वजनामुळे लवकर झिजतात. 12 व्होल्टची छोटी बॅटरीही तपासावी. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

किंमत ठरवताना त्याच मॉडेलचा नवा भाव समोर ठेवावा. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, आणि टियागो ईव्ही 2022 मध्ये 8 लाख 49 हजारांपासून सुरू झाली होती. फरक लाख-दीड लाखाचाच असेल तर पूर्ण वॉरंटीची नवी गाडी शहाणपणाची. नोंदणीकृत डीलर जुनी गाडी विकतो तेव्हा त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहारात तो लागत नाही.

कागदांत आरसी, विमा आणि नो-क्लेमचा इतिहास, फॉर्म 29 व 30, आणि कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35 हवा. काही गाड्यांत बॅटरी वेगळ्या भाडेयोजनेवर घेतलेली असते. तिथे बॅटरीचाही दाखला मागावा, नाहीतर दुसऱ्याचे देणे नव्या मालकाच्या गळ्यात पडते. गाडीसोबतची चार्जिंग केबल ताब्यात घेऊन तिथेच लावून पाहावी. जुन्या मालकाच्या फोनमधल्या ॲपवरून गाडी समोरासमोर काढून घ्यावी. ती निघेपर्यंत गाडी कुठे उभी आहे, हे त्याला घरबसल्या दिसत राहते.