भिरंड आणि चेतापेशींचे संरक्षण : एक परिचय

प्रस्तावना : गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हरमल हे समुद्रकाठचे गाव होय. या पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस भिरंडे पिकतात. महाराष्ट्रात याच फळास रातांबा म्हणतात. त्याच्या सालीची सोले घराघरांत वापरली जातात. या सालीतील द्रव्ये चेतापेशींना विषारी इजेपासून वाचवू शकतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इजेचे स्वरूप : मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु तो सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यामुळे तेथे मुक्तमूलके निर्माण होण्याचा धोका अधिक असतो. मेलेल्या बहुतेक चेतापेशींच्या जागी नव्या पेशी येत नाहीत. मध्यमेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की कंपवात होतो. या रोगाचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. एमपीटीपी या रसायनामुळे माणसात कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात, हे १९८३ साली कॅलिफोर्नियात दिसून आले. विषाचा व या रोगाचा संबंध त्यातून स्पष्ट झाला.

भिरंडातील द्रव्ये : सालीचा तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. सालीत गार्सिनॉल हे पिवळे द्रव्यही असते. ही दोन्ही मुक्तमूलकांना निष्प्रभ करतात. २०१२ साली 'इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'मध्ये या फळाच्या मिथेनॉल अर्काचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६-हायड्रॉक्सिडोपामिन हे विष डोपामिन पेशींत शिरून मुक्तमूलके निर्माण करते. हे विष दिलेल्या उंदरांत अर्कामुळे डोपामिनची पातळी व हालचाली सुधारल्याचे आढळले.

मर्यादा : हा प्रयोग उंदरांवरील आहे. मिथेनॉलने काढलेला अर्क आणि वाटीभर सोलकढी एकच नव्हेत. पोटात गेलेले द्रव्य रक्तात किती उतरते व रक्त-मेंदू अडसर ओलांडून किती पोहोचते, यावर सारे अवलंबून असते. शिवाय सोले मिठात मुरवलेली असतात. रक्तदाबाच्या रुग्णाने ती बेताने खावीत.

समारोप : भिरंड हे उत्तम अन्न आहे, संशोधनाचा आश्वासक विषयही आहे, परंतु ते कंपवाताचे औषध म्हणून सिद्ध झालेले नाही. त्याच्या भरवशावर रुग्णाने डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणे धोक्याचे ठरेल. परसातील झाडाचे मोल जाणावे, मात्र पुराव्यापलीकडे जाऊ नये, हेच शास्त्रीय दृष्टीचे लक्षण होय.