कृष्णविवराजवळची लुकलुक : आधी कोण हलतं?

आजच्या भागातली गोष्ट फोटोची नाही, घड्याळाची आहे.

नरतुरंग तारकासमूहात आयसी 4329ए नावाची एक दीर्घिका आहे, आपल्यापासून वीस कोटींहून जास्त प्रकाशवर्षं लांब. तिच्या मध्यभागी सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाचं कृष्णविवर बसलंय. त्याच्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो, की अतिनील आणि क्ष-किरणांत लखलखतो. अशा दीर्घिकेला सक्रिय दीर्घिका म्हणतात. क्ष-किरणांच्या दुर्बिणीला मात्र हा सगळा तमाशा एक ठिपका म्हणूनच दिसतो. मग आत काय चाललंय हे कळतं कसं? ठिपका लुकलुकतो, त्यावरून.

अकोल्याची कावड आठवा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन मंडळी राजराजेश्वराकडे निघतात. समजा, तुम्ही लांबच्या गच्चीवर आहात. रांग दिसत नाही, फक्त सगळ्या ढोलांचा मिळून एक आवाज येतो. पुढच्यानं "थांबा" म्हटलं, तर तो निरोप तोंडातोंडी शेवटच्या ढोलापर्यंत जायला वेळ लागणारच. आवाज दोन मिनिटांत पूर्ण बंद झाला, तर निरोप दोन मिनिटांत जेवढा पोचेल त्यापेक्षा रांग लांब असूच शकत नाही. न पाहता लांबी कळली! आम्ही कोडवाले लेटन्सीवरून सर्व्हर किती लांब असेल याचा अंदाज बांधतो, तसंच.

विश्वात सगळ्यात वेगवान निरोप्या म्हणजे प्रकाश, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. क्ष-किरणांची चमक तासाभरात निम्मी झाली, तर तो झगमगता भाग साधारण 108 कोटी किलोमीटरपेक्षा मोठा नाही. म्हणजे शनीच्या कक्षेत आरामात मावेल. आणि एवढ्याशा जागेतून अब्जावधी ताऱ्यांच्या तोडीचा उजेड! मला तरी हे कृष्णविवराच्या फोटोपेक्षा भारी वाटतं.

आता खरा वाद. कृष्णविवराभोवती वायूची चकती फिरते, ती अतिनील प्रकाश देते. तिच्याजवळ अतितप्त इलेक्ट्रॉन्सचा ढग असतो, त्याला कोरोना म्हणतात (नाही, तो कोरोना नाही). चकतीचा मवाळ फोटॉन ढगात शिरतो आणि इलेक्ट्रॉन त्याला सिक्स मारतो. फोटॉन क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. पण प्रत्येक फटक्यात बॅट्समनची थोडी ताकद जाते, हे लक्षात ठेवा.

मग चमक बदलायला सुरुवात कोण करतं, चकती की ढग? एक मत असं, की ढगातले क्ष-किरण चकतीवर पडतात, ती तापते, म्हणून तिचा प्रकाश मागून हलतो. या मताला आधार आहे. 2009 मध्ये युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या निरीक्षणांतून 1एच 0707-495 या दीर्घिकेत क्ष-किरणांचा चक्क प्रतिध्वनी सापडला, मूळ चमकेच्या सुमारे 30 सेकंद मागे.

इथे आपला ॲस्ट्रोसॅट कामी येतो. वातावरण क्ष-किरण खाली येऊच देत नाही, म्हणून 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून इस्रोनं तो सुमारे 650 किलोमीटरवर पाठवला. त्यावरची एसएक्सटी आणि लॅक्सपीसी ही क्ष-किरण उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. एकच उपग्रह अतिनील आणि क्ष-किरण दोन्ही एकाच वेळी बघतो, हा मोठा फायदा. अडचण एकच : दर फेरीला पृथ्वी मध्ये येते आणि डेटाला भोकं पडतात. लोडशेडिंगच म्हणा ना, फक्त वेळापत्रक पाळणारं.

पुण्याच्या आयुकातले प्रकाश त्रिपाठी, गुलाब देवांगन आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांत पाच वेळा घेतलेली आयसी 4329एची निरीक्षणं तपासली. 2021 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा : अतिनील प्रकाशातला चढउतार क्ष-किरणांतल्यापेक्षा मोठा होता. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा जास्त कसा हलेल? म्हणजे इथे चकती स्वतःहूनच हलत होती. शिवाय अतिनील प्रकाश वाढला तसा ढग थंडावला, साधारण 49 कोटी अंशांवरून 37 कोटींवर. बॉल जास्त आले, बॅट्समन दमला.

पण यावरून सगळ्याच दीर्घिकांचा निकाल लागत नाही. 30 सेकंदांचा तो प्रतिध्वनीही खराच आहे. बहुतेक दोन्ही गोष्टी चालतात, वेगवेगळ्या कालावधीवर, आणि कुठे कोण वरचढ हे एकेक दीर्घिका घेऊन तपासावं लागतं. ॲस्ट्रोसॅटचा जुना डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी पोर्टलवर फुकट आहे. लॅक्सपीसीची फाईल उघडली की दिसते ती नुसती यादी : हा फोटॉन या क्षणी आला, तो त्या क्षणी. टाइमस्टॅम्पचा लॉग! पायथन येत असेल, तर अमरावतीच्या होस्टेलमध्ये बसूनही आलेख काढता येतो.