लंडी कोटलपर्यंत

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी गेले, तेव्हा सगळ्या बातम्या रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून त्यांनी केलेल्या पलायनाभोवती फिरल्या. ते साहजिकच होतं. पण हा माणूस काय पाण्याचा आहे, ते १९६५ सालीच दिसलं होतं. त्या वर्षीच्या भारत-पाक युद्धात शत्रूच्या माऱ्यात त्यांचं विमान सापडलं, उजवा खांदा जायबंदी झाला. तुकडीच्या प्रमुखानं विमान सोडून उडी घ्यायला सांगितलं. परुळकरांनी तशाच अवस्थेत ते तळावर आणून उतरवलं. वायुसेना पदक मिळालं ते याच कामगिरीसाठी.

पुढे १९७१च्या युद्धात १० डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. युद्ध संपलं, महिन्यांवर महिने गेले, सुटकेचं नाव नाही. कैदेत सापडलो तर पळून येणार, हे ते आधीपासूनच बोलून दाखवत. मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी सोबतीला आले. भिंतीच्या विटा हाती लागेल त्या हत्यारानं खरवडून काढल्या. १२ ऑगस्ट १९७२च्या मध्यरात्रीनंतर तिघे भोकातून बाहेर पडले. आधी पेशावर, मग खैबर खिंडीतलं लंडी कोटल. अफगाण सरहद्द आता जेमतेम चार मैल.

घात झाला तो लंडी खाना या नावानं. नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ सालीच बंद झालेली. त्या ठिकाणची वाट विचारणाऱ्या तीन परक्यांचा तहसील कचेरीतल्या एका अर्जनविसाला संशय आला.

मला परुळकर सर्वांत मोठे वाटतात ते यानंतरच्या काही तासांत. पाकिस्तानी हवाई दलाचे ख्रिस्ती जवान आहोत, ही बतावणी टिकेना आणि तिथल्या तिथे गोळी घातली जाण्याची भीती. अशा वेळी त्यांनी एक फोन मागितला. पलीकडे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद होते, छावणीचे पूर्वीचे प्रमुख आणि आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी. उस्माननी त्यांना ओळखलं आणि ही माणसं आपलीच आहेत, त्यांना हात लावू नका, असं तिथल्या अधिकाऱ्यांना बजावलं. कैदेत राहूनही परुळकरांनी समोरच्या माणसाचा चांगुलपणा नेमका हेरून ठेवला होता. त्यावर तिघांचे जीव वाचले.

नंतर लायलपूरचा तुरुंग, आणि १ डिसेंबर १९७२ला वाघ्यावरून मायदेशी. सीमेच्या चार मैल अलीकडे संपलेल्या या पलायनासाठी परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि ते रास्तच होतं.